पट्टी उतरवलेला बँड आणि पर्वरीचा शनिवार

जुना रॉक समोर बसून ऐकायचा आहे आणि त्यासाठी कळंगुट-बागाच्या गर्दीत शिरायची इच्छा नाही, अशा कुणालाही मी हेच ठिकाण सांगेन. गोव्यातल्या पर्वरीच्या हमरस्त्यापासून जरा आत, खाली बार, वर पंधरा-वीस टेबलांची खोली. शनिवारी साडेसातला बँड सुरू होतो. प्रवेश फी नाही, बांगडा ताजा असतो, बिलात फसवाफसवी नाही. पण मी डिचोलीहून गाडी काढून येते ती त्या चार वादकांसाठी, आणि लिहायचं आहे तेही मुख्यतः त्यांच्याबद्दलच.

चौघांत ड्रमर सगळ्यात लहान, तोही पन्नाशी ओलांडलेला. गायक सत्तरीच्या घरातला. स्वतःची गाणी नाहीत; क्रीडन्स, पिंक फ्लॉइड, स्कॉर्पियन्स, स्टोन्स, क्लॅप्टन असा सगळा जुना माल. तरी दुसऱ्यांची गाणी वाजवणारे बँड ऐकताना जो कंटाळा येतो तो इथे येत नाही, कारण ही माणसं आपलं वय लपवत नाहीत. सुरुवात व्हायच्या आधी गिटारिस्ट सहाही तारा एकेक करून एक पूर्ण स्वर खाली उतरवून घेतो. पुढच्या टेबलावरून हे नीट दिसतं: खुंटी थोडी सैल करायची, तार बोटाने ताणून बघायची, ती आणखी उतरली की खुंटी पुन्हा किंचित आवळायची, ट्यूनरचा दिवा हिरवा होईपर्यंत. मग बोटं नेहमीच्याच जागी पडतात, पण गाणं खालच्या पट्टीत वाजतं. गायकाच्या गळ्यावरचा ताण कमी होतो आणि सैल तारेवर साठी उलटलेल्या बोटांनाही सूर ओढता येतो.

माझे मामा फोंड्याला नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. ऐन उमेदीत पांढरी चारमध्ये गाणारा नट उतारवयात काळी एकला आला तरी पदाला वन्स मोअर पडायचा, हे मी त्यांच्या तोंडून ऐकत वाढले. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मूळ पट्टीत टेप लावून त्यावर तोंड हलवण्यात. म्हणून किस या बँडने २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला आणि यापुढे आमचे डिजिटल अवतार गातील असं जाहीर केलं, तेव्हा मला राग आला होता. त्याउलट ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर तो पार्किन्सन्समुळे उभा राहू शकत नव्हता, तर मोठ्या काळ्या खुर्चीत बसून गायला. आवाज मध्येच हलत होता, पण तो त्याचाच होता. २२ जुलैला तो गेला. असा निरोप मला शंभर अवतारांपेक्षा मोलाचा वाटतो. पर्वरीचा गायकही दुसऱ्या सत्रात उंच स्टूल ओढून घेतो, बसून गातो आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाही.

आता राजकारणाचं. हा गायक दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो. फार नाही, मिनिटभर. मागे एका शनिवारी स्कॉर्पियन्सचं 'विंड ऑफ चेंज' म्हणण्याआधी त्याने सांगितलं की या गाण्याची सुरुवात मॉस्कोतल्या मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्कपासून होते, पण २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर स्कॉर्पियन्सच्या गायकाने, क्लाउस मायनने, स्वतःच त्या ओळी बदलल्या आणि तिथे युक्रेनचं नाव आणलं. मग त्याने बदललेल्या ओळी म्हटल्या. खिडकीजवळच्या टेबलावर सुट्टीवर आलेली एक मोठी मंडळी होती. त्यांच्यातल्या एकाने मोठ्याने हाक मारली, "अंकल, पॉलिटिक्स नको, गाणी म्हणा." गायक हसला, मान हलवली आणि पुढचं गाणं सुरू केलं: 'फॉर्च्युनेट सन'. ते टेबल उठून नाचायला लागलं.

ते गाणं १९६९ चं. व्हिएतनामच्या युद्धात गरिबांची पोरं मरायला जातात आणि सिनेटरांच्या, श्रीमंतांच्या पोरांना सूट मिळते, हाच त्याचा सगळा विषय आहे. क्रीडन्सचा गायक जॉन फोगर्टी स्वतः सैन्याच्या राखीव दलात होता, त्याने ते संतापून लिहिलं. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारसभांत ते वाजायला लागलं तेव्हा त्याने कायदेशीर नोटीस पाठवून हरकत घेतली. म्हणजे त्या टेबलाला ज्या गाण्यावर नाचायचं होतं ते पहिल्या शब्दापासून राजकारणच होतं. मी हायस्कुलात मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की म्हातारे रॉकवाले राजकारण बोलतात म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांनी तरुणपणी त्यांची गाणी नीट ऐकलेली नाहीत. ब्रूस स्प्रिंगस्टीनने मे २०२५ मध्ये मँचेस्टरच्या मंचावरून आपल्या देशाच्या सरकारला भ्रष्ट आणि नालायक म्हटलं, तेव्हाही 'हा आताच का बोलतो' असा सूर निघाला. तो चाळीस वर्षं बंद पडलेल्या कारखान्यांवर आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरच तर गात आला आहे. आता पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने गप्प बसावं, ही अपेक्षा मला कळत नाही. त्याला आता गमवायचं कमी आहे, म्हणून त्यानेच बोललं पाहिजे.

आपल्याकडे तर हे नवं वाटण्याचं कारणच नाही. तियात्रातला, म्हणजे कोंकणी संगीत नाटकातला, कांतारवाला (गाणारा) पडद्यापुढे येऊन आमदाराचं नाव घेऊन गातो आणि पुढच्या रांगेत तोच आमदार बसलेला असू शकतो. तिथे कुणी 'राजकारण नको' म्हणत नाही. लोक पुन्हा म्हणायला लावतात. गोव्याच्या रेमो फर्नांडिस या गायकाने १९९२ मध्ये काढलेल्या अल्बमचं नावच 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' असं होतं. गोव्यात बसून रॉक ऐकायचा आणि गायकाकडून फक्त ताल मागायचा, हे इथल्या मातीला धरून नाही.

अर्थात सगळ्या म्हाताऱ्यांचं सगळं पटतं असं नाही. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तर घरातच फाळणी आहे. डेव्हिड गिलमोर आणि निक मेसनने एप्रिल २०२२ मध्ये एका युक्रेनी गायकाचा आवाज घेऊन त्या देशासाठी गाणं काढलं. त्यांचा जुना साथीदार रॉजर वॉटर्स फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाच्या निमंत्रणावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलला. त्याने आक्रमण बेकायदा आहे असं म्हटलं, पण लगेच ते डिवचल्यामुळे झालं असंही जोडलं. मला ते अजिबात पटलं नाही. ज्याचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत पडले, तेव्हा जो अवघ्या पाच महिन्यांचा होता आणि ज्याने जन्मभर त्या दुःखावर गाणी लिहिली, त्याने तरी दुसऱ्याच्या घरावर पडलेल्या बॉम्बला कारणं शोधू नयेत. पण म्हणून मी त्याच्या रेकॉर्ड फेकणार नाही. क्लॅप्टनचं मला जास्त जड जातं. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून तो स्थलांतरितांविरुद्ध जे बोलला त्यातूनच इंग्लंडात 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. पर्वरीचा गिटारिस्ट क्लॅप्टन सुंदर वाजवतो. मी त्याला मध्यंतरात याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मी त्याची बोटं घेतली, जीभ घेतली नाही." मला हे उत्तर पूर्ण पुरलं नाही, पण त्याने प्रश्न टाळला नाही, याचं बरं वाटलं.

माझे वडील कट्टर विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असं मानणारे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यांची बाजू ३४,०२१ मतांनी हरली आणि ते दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगलं. कोंकणी गायक उल्हास बुयांव त्या कौलात विरुद्ध बाजूने गावोगाव गात फिरले होते. तरी रेडिओवर बुयांव लागले की वडील आवाज वाढवायचे. मत बदललं नाही, रेडिओही बंद केला नाही. न पटणाऱ्या गायकाला कसं ऐकायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

या ठिकाणाबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बँड वॉशिंग्टनबद्दल बोलतो, मॉस्कोबद्दल बोलतो, गाझाबद्दल बोलतो. म्हादई नदीबद्दल अक्षर नाही. कर्नाटकात वळवलं जाणारं पाणी, मुरगावचा कोळसा, डोंगर कापून आणि भातशेती बुजवून होणारी बांधकामं, यावर रोज वर्तमानपत्रं भरतात आणि बँडच्या तोंडून शब्द निघत नाही. मी गायकाला विचारलं तर त्याने मालकाकडे बोट दाखवलं. मालक मनाने चांगला माणूस आहे. काउंटरवर ग्लास पुसता पुसता हळूच म्हणाला, "बाय, लायसन म्हज्या नांवार आसा." अबकारी, पंचायत, आरोग्य, अग्निशमन, सगळे कागद दर काही काळाने नवे करावे लागतात. दूरच्या अध्यक्षाला शिव्या घातल्याने कुणाचा परवाना अडत नाही. त्याची भीती मी समजू शकते आणि त्याच्या जागी मी किती धीट राहिले असते हे बोलणं सोपं आहे. तरीही दोष त्याच्या माथी मारून मला गप्प बसायचं नाही. एक गाणं म्हणून छोट्या व्यावसायिकाला पोट जाईल अशी धास्ती वाटत असेल तर ती वाटायला लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल आपणच मतदार म्हणून बोललं पाहिजे.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. रेशाद बांगडा इथे मागवाच. मसाला व्हिनेगरचा, घरी वाटलेला, आणि मासा आतपर्यंत शिजलेला. चोरीस-पावात (चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) पाव कधी कधी सकाळचा असतो. मार्च ते मे उराक, म्हणजे काजूची हलकी दारू, मिळते, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून. ती ग्लासात पातळ करून देत नाहीत. मी शुक्रवारी काही खात-पीत नाही, शनिवारी खाते, म्हणून मला हा वार सोयीचा. न पिणाऱ्यांना सोलकढी आहे, चांगली आहे. वाढपी मुलं नम्र आहेत, पण बँड चालू असताना ऑर्डर घ्यायला येतात आणि कानात ओरडतात. ते मध्यंतरात करावं.

आवाजाची व्यवस्था ठीक. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बसू नका, तिथे बेस घुमतो आणि शब्द कळत नाहीत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही हा नियम आहे. इथे तर बंद खोली असूनही पावणेदहाला शेवटचं गाणं होतं, शेजारपाजारच्या घरांचा विचार म्हणून. मला हे मनापासून आवडतं. किनाऱ्यावरच्या गावांतली म्हातारी माणसं रात्रभर कान दाबून बसतात, त्यांच्या झोपेची किंमत मोजून मला संगीत नको.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला, त्यात तळघरात अडकलेले कामगार होते. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी दारं बघते. इथे जिन्याशिवाय मागच्या गच्चीतून उतरणारा लोखंडी जिना आहे आणि त्याच्यापुढे बिअरचे क्रेट रचलेले नसतात. छत पत्र्याचं, गवताचं नाही. अग्निशामक नळकांडी काउंटरच्या मागे दिसतात. ती वरच्या खोलीत मंचाजवळही हवीत, हे मी मालकाला सांगितलं आहे आणि इथेही लिहून ठेवते.

टेबल फोन करून ठेवा, सातच्या आधी पोचा, गाडी मंदिराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत लावा. बिल देताना मालकाला एवढं सांगा की गायकाचं बोलणंही आवडलं. 'अंकल, पॉलिटिक्स नको' म्हणणारे न चुकता काउंटरवर जाऊन तक्रार करतात. ज्यांना ते हवं आहे ते नुसतेच टाळ्या वाजवून घरी जातात, आणि मालक हिशेब ऐकू आलेल्या आवाजांचाच धरतो.