किंग हू यांचे दोन तलवारपट: खानावळ आणि बांबूचे बन

दिग्दर्शक किंग हू यांचा ‘कम ड्रिंक विथ मी’ (1966) हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीसाठी बनला, तर ‘अ टच ऑफ झेन’ त्यांनी तैवानमध्ये केला. पहिला चित्रपट आटोपशीर आहे. पुरुषवेषातली अभिनेत्री चेंग पेइ-पेइ खानावळीत शांतपणे बसलेली असते, भोवती गुंड खोड्या काढत असतात आणि ती जागची हलतही नाही. हा ताण मला प्रत्यक्ष चकमकीपेक्षाही मोलाचा वाटतो. तिने नृत्याचे शिक्षण घेतले होते, हे तिच्या पदन्यासात दिसते.

दुसरा चित्रपट तीन तासांचा असून त्याची सुरुवात कोळ्याच्या जाळ्यांनी होते आणि पहिली तलवार उपसली जाईपर्यंत जवळपास तासभर जातो. अधीर प्रेक्षकाला हे जड जाईल. मात्र बांबूच्या बनात अभिनेत्री शू फेंग उंचावरून तलवारीसह खाली झेपावते, तेव्हा काही क्षणांच्या तुकड्यांतून जोडलेले ते उड्डाण श्वास रोखून धरायला लावते. कान चित्रपट महोत्सवाने 1975 मध्ये याच चित्रपटाला तांत्रिक पुरस्कार दिला. नवख्याने आधी खानावळीत शिरावे. माझे मन मात्र त्या बनातच रमते.