परवान्याच्या सुनावणीची तयारी: बॅलार्ड इस्टेटमधले दोन शनिवार

नऊ वर्षांपूर्वी आमची बोट धक्क्याला घासली तेव्हा मी सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा जहाजावरचा अधिकारी होतो. रात्री दीड वाजता कंपनीचा माणूस टाइप केलेला जबाब घेऊन केबिनमध्ये आला. ‘सही कर आणि झोप’ म्हणाला. मी न वाचता सही केली. पुढे माझ्या जहाजावर काम करायच्या परवान्याबद्दल नोटीस आली, तेव्हाही कंपनीच्या ‘आम्ही बघतो’ या शब्दावर विसंबून पाच आठवडे गप्प बसलो. शेवटी ताकीद देऊन सोडलं, परवाना वाचला. पण ते पाच आठवडे आई रोज रात्री विचारायची, ‘कळलं का रे काही?’ म्हणून अशा सुनावणीची तयारी करून घेणाऱ्या या दोन शनिवारांच्या कार्यशाळेचे साडेसहा हजार भरताना मी जराही विचार केला नाही.

सीएसएमटीहून चालत पंधरा मिनिटं, दुसरा मजला, लाकडी जिना. आम्ही वीसेक जण होतो, बहुतेक सुट्टीवर आलेले मेट आणि इंजिनीयर. शिकवायला एक निवृत्त कॅप्टन आणि एक वकील बाई.

पहिल्या सकाळी आपला कायदा झाला. १९५८ च्या मर्चंट शिपिंग (व्यापारी जहाजांच्या) कायद्याचं कलम ३६३ बाईंनी शब्दन् शब्द वाचून घेतलं: मास्टर (म्हणजे कॅप्टन), मेट किंवा इंजिनीयरच्या अकार्यक्षमतेची वा गैरवर्तनाची चौकशी केंद्र सरकार लावू शकतं, पण त्याआधी नेमका आरोप काय ते त्या माणसाला लेखी द्यावं लागतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या मर्चंट शिपिंग कायद्याला मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला. इथे मी नाराज आहे. यापुढे आमचं सगळं त्याच कायद्यावर चालणार, त्याला अख्खी सकाळ हवी होती.

दुसरा शनिवार अमेरिकेचा. तिथे कोस्ट गार्डने दिलेल्या परवान्यावर गदा आली की प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जातं. आमच्यापैकी एकाकडेही अमेरिकन परवाना नव्हता, त्यामुळे ‘हे आपल्याला कशाला?’ असं एकाने विचारलंच. कॅप्टन म्हणाले, ‘तपास करणारा वेगळा आणि निकाल देणारा वेगळा, हे तिथे डोळ्यांना दिसतं. ते बघा, मग आपल्याकडे काय मागायचं ते कळेल.’ तपास अधिकारी कोस्ट गार्डचा असतो, आरोप सिद्ध करायचा भार त्याच्यावर. न्यायाधीशाचं स्वातंत्र्य १९४६ च्या तिथल्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने जपलेलं. निकाल पटला नाही तर कमांडंटकडे, म्हणजे कोस्ट गार्डच्या प्रमुखाकडे अपील, आणि त्याच्यावर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ. आरोपपत्र हाती पडल्यापासून २० दिवसांत प्रत्येक आरोपाला लेखी उत्तर द्यायचं, कबूल की नाकबूल. गप्प बसलात तर आरोप मान्य केल्यासारखं धरतात. माझे पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. मी वहीत आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

मग लुटुपुटीची सुनावणी. प्रकरण ड्रग टेस्टचं: एका टगबोटीच्या मेटचा लघवीचा नमुना पॉझिटिव्ह. कॅप्टन न्यायाधीश, देवगडचा एक थर्ड मेट तपास अधिकारी आणि मी आरोपी मेटची बाजू मांडणारा. तपास अधिकाऱ्याने तीन गोष्टी दाखवायच्या: चाचणी याच माणसाची झाली, ती पॉझिटिव्ह आली आणि ती नियमाप्रमाणे घेतली. पोरगा फाडफाड बोलत होता, मी आपला ‘हा माणूस सज्जन आहे’ एवढंच धरून बसलेलो. बाई मागून हळूच म्हणाल्या, ‘कागद बघा, माणूस नको.’ बघितलं. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला त्या फॉर्मवर सीलचा नंबर ४७ ने संपत होता, बाटलीच्या फोटोत ७४ ने. मी उठून तेवढंच सांगितलं. कॅप्टन त्या पोराकडे वळले, ‘याचा खुलासा तुम्ही करायचा. यांनी नाही.’ खोलीत कोणी हललं नाही. परवान्यावर पोट असलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटतं, ते मला इथे नीट लिहिता येत नाही.

जेवणाचा पुलाव दोन्ही दिवस थंड होता आणि छापील टिपणं आठवड्याने आली, तीही चार वेळा फोन केल्यावर. तरीही सेकंड मेटच्या वर गेलेल्या प्रत्येकाने दोन शनिवार काढावेत. घरच्यांना सोबत आणता येतं, अर्ध्या फीमध्ये. पुढच्या बॅचला मी भावाला पाठवतोय, तो फोर्थ इंजिनीयर आहे.

घरी आल्यावर कपाटातून त्या जुन्या जबाबाची झेरॉक्स काढली. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘माझ्या दुर्लक्षामुळे’. वॉच, म्हणजे जहाजावर लक्ष ठेवायची पाळी, माझी नव्हतीच, मी पुढे दोरखंडावर होतो. खाली सही माझी.