दुर्बीण, डबी की सोनोग्राफी: आतड्याच्या सुजेवर नजर कशाने ठेवायची?

डोंबिवलीहून सकाळची गाडी. बॅगेच्या एका कप्प्यात जेवणाचा डबा, दुसऱ्यात दोन पिशव्यांत गुंडाळलेली लॅबची छोटी डबी. दादरला उतरून ती जमा करायची होती. ठाण्याला गर्दी आत घुसली आणि एक गृहस्थ माझ्या बॅगेवर बिनधास्त रेलले, तेव्हा त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. नमुना न्यायला लॅबचा माणूस घरी येतो, हे मला त्यानंतर कळलं. फोनवर विचारलंच नव्हतं, कारण शौचाबद्दल बोलायची लाज वाटत होती.

मोठ्या आतड्याला सूज आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसला आता नऊ वर्षं झाली आणि लाज केव्हाच संपली. त्यामुळे सोसायटीत कुणाला पोटाचं काही निघालं की गाडी माझ्या दारात येते. परवा आला तो चोवीस वर्षांचा मुलगा. त्यालाही कोलायटिस, सूज उतरवणारं मेसालामाइन वर्षभर चालू, रक्त पडणं थांबलेलं, वजन भरलेलं. डॉक्टर म्हणाले, एकदा आत काय चाललंय ते पाहून घेऊ, दुर्बीण (कोलोनोस्कोपी) करू किंवा आधी शौचाची तपासणी करू, तू ठरव. त्याचा प्रश्न सरळ होता, "काका, मला काहीच होत नाहीये. मग बघायचं कशाला?"

मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मीही विचारला होता आणि त्याचं उत्तर मला उशिरा पटलं. पोटाला बरं वाटणं आणि आतडं बरं होणं यांची गाठ पडतेच असं नाही. आतड्याच्या अस्तरावर सूज असूनही माणूस वडापाव खात मजेत हिंडतो. उलट अस्तर कोरं करकरीत असतानाही कुणाला दिवसातून पाचदा जावं लागतं, कारण सूज गेली तरी आतडं चिडखोर राहू शकतं. म्हणून 2015 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 'स्ट्राइड' नावाने उपचाराची उद्दिष्टं ठरवली आणि 2021 मध्ये ती सुधारली. आधी लक्षणं जावीत, मग सूज दाखवणारी दोन प्रथिनं, रक्तातला सीआरपी आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, खाली यावीत, आणि लांबच्या पल्ल्यात दुर्बिणीतून अस्तर भरून आलेलं दिसावं, अशी ती उतरंड आहे. 'मला काहीच होत नाहीये' ही त्यातली पहिलीच पायरी.

आता डबीकडे वळू. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्यासारख्यांच्या रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला तीच येते.

कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे गर्दी करतात, फुटतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचावाटे बाहेर पडतं. किती पडलं ते मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये मोजतात. 50 च्या आत असेल तर निर्धास्त, 250 च्या वर असेल तर सहसा आत काहीतरी पेटलेलं असतं, आणि मधला पट्टा हा डोकेदुखीचा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये खास कोलायटिससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लक्षणं नसलेल्या माणसाने सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी करावी, आकडा 150 च्या खाली आला तर दुर्बिणीचा आग्रह धरू नये, वर आला तर मात्र नुसत्या आकड्यावर औषध न वाढवता दुर्बिणीने खात्री करावी, असं त्यांचं म्हणणं. आमच्या या मुलाची केस जवळजवळ शब्दशः तीच आहे.

आकड्याच्या मागे धावून खरंच फायदा होतो का, हे पाहणारा गाजलेला अभ्यास म्हणजे 'काम' (CALM), 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. क्रोन म्हणजे कोलायटिसचाच भाऊबंद, फक्त त्याची सूज लहान आतड्यातही येऊ शकते. क्रोनच्या 244 रुग्णांचे दोन गट केले. एका गटात औषध वाढवायचं की नाही ते मुख्यतः लक्षणांवरून ठरलं. दुसऱ्या गटात लक्षणांच्या जोडीला कॅल्प्रोटेक्टिन 250 च्या वर आहे का आणि सीआरपी 5 च्या वर आहे का, हेही पाहिलं. दोन्हींकडे औषध तेच, अ‍ॅडालिमुमॅब नावाचं जैविक इंजेक्शन. 48 आठवड्यांनी दुर्बीण घातली तेव्हा पहिल्या गटात 30 टक्के लोकांचं अस्तर भरलेलं होतं, दुसऱ्यात 46 टक्के. औषध तेच, पण ते वाढवायची वेळ चुकली नाही. ते औषध बनवणाऱ्या कंपनीनेच अभ्यासाला पैसा दिला होता, हे ध्यानात ठेवा. अभ्यास क्रोनचा होता, कोलायटिसचा नव्हता, हेही. आणि आकडे पाहून औषध वाढवलं तरी दर दोघांतल्या एकाहून जास्त जणांचं अस्तर भरलं नाहीच.

मुंबईत या डबीला स्वतःच्या काही खोडी आहेत. कॅल्प्रोटेक्टिन सूज ओळखतं, तिचं कारण नाही. जुलै महिन्यात बाहेरची पाणीपुरी खाऊन जंतुसंसर्ग झाला तरी आकडा चढतो. गुडघेदुखीसाठी आठवडाभर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तरी चढतो, आणि ही औषधं आपल्या आजाराला तशीही मानवत नाहीत. एकदा माझा आकडा सहाशेच्या पुढे गेला. घरात सगळ्यांचे चेहरे पडले, स्टेरॉइड परत सुरू करायची बोलणी झाली. डॉक्टरांनी आधी साधी शौच तपासणी आणि कल्चर करायला लावलं. संसर्ग निघाला. महिन्याभराने आकडा दोन अंकी झाला. तेव्हापासून माझा नियम एकच: पोट बिघडलेलं असताना नमुना द्यायचा नाही, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये द्यायचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एका लॅबचे 180 आणि दुसरीचे 260 यांत काहीच बदललेलं नसू शकतं. शक्यतो सकाळचा पहिला नमुना द्यावा, म्हणजे तुलना करता येते.

सोनोग्राफीचं नाव काढलं की लोकांना आश्चर्य वाटतं. आतड्यात हवा असते, सोनोग्राफीत काय कप्पाळ दिसणार, असं मलाही वाटायचं. पण सरावलेला डॉक्टर आतड्याच्या भिंतीची जाडी मोजतो (3 मिलिमीटरपर्यंत सहसा ठीक) आणि डॉप्लरने भिंतीतला रक्तप्रवाह पाहतो. सुजलेली भिंत जाड होते आणि तिच्यात रक्त जास्त खेळतं. जर्मनीत कोलायटिसच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात उपचार सुरू केल्यावर दोन आठवड्यांतच भिंत बारीक होताना दिसली. औषध लागू पडतंय की नाही, हे इतक्या लवकर आणि इतक्या बिनत्रासाने दुसरं काही क्वचितच सांगतं. जुलाबाचं औषध नाही, भूल नाही, किरण नाहीत. गरोदरपणात आणि लहान मुलांमध्ये मी याच्याच बाजूने कौल देईन.

अडचण माणसाची. नाक्यावरच्या सेंटरमध्ये होते ती पोटाची नेहमीची सोनोग्राफी वेगळी आणि ही वेगळी. मी एकदा हौसेने करून घेतली, तर रिपोर्टात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांची सविस्तर स्तुती, आणि आतड्याच्या वाट्याला एकच ओळ: गॅसमुळे नीट दिसले नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधी थेट विचारा: आतड्याच्या भिंतीची जाडी मोजता का, रिपोर्टात लिहून देता का? उत्तर घुटमळत आलं तर पैसे वाचवा. शिवाय गुदाशय खोल ओटीपोटात असल्याने पोटावरून नीट दिसत नाही. ज्यांचा आजार शेवटच्या वीतभर भागातच आहे, त्यांना याचा उपयोग कमी.

क्रोनचा आजार लहान आतड्यात असेल तर एमआरआय एंटेरोग्राफी हा आणखी एक पर्याय. 2018 च्या 'मेट्रिक' या ब्रिटिश अभ्यासात लहान आतड्यात आजार कुठवर पसरलाय ते नेमकं पकडण्यात एमआरआय 80 टक्के आणि सोनोग्राफी 70 टक्के ठरली. एमआरआय सरस, पण महाग, आणि दर तीन महिन्यांनी परवडणारा नाही. कोलायटिसवाल्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

तपासण्यांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. 'स्टारडस्ट' नावाच्या अभ्यासात क्रोनचे रुग्ण उस्टेकिनुमॅब या दुसऱ्या जैविक औषधावर होते. एका गटाची दुर्बीण आणि चाचण्या पाहून औषधाची मात्रा हलवली, दुसऱ्या गटाला नेहमीसारखं तपासलं. 48 आठवड्यांनी दुर्बिणीतली सुधारणा 38 टक्के विरुद्ध 30 टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतपतच होता. जास्त तपासण्या केल्या की आपोआप बरं वाटतं, असं नाही. तपासणीनंतर काय करायचं ते आधी ठरलेलं नसेल तर ती फायलीत एक कागद वाढवते.

उरली दुर्बीण. माझी पहिली झाली तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो, मजल्यावर संडास सामाईक. पोट साफ करायची पावडर लिटर-लिटर पाण्यात मिसळून अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी पहाटे प्यायची. चाळीतल्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागलं, आणि शेजारच्या वहिनींनी रात्रभर दुसऱ्या कुणाला रांगेत उभं राहू दिलं नाही. तपासणी भुलीत होते, तिचं काहीच आठवत नाही. आठवते ती रात्र. क्वचित आतड्याला छिद्र पडण्याचा धोकाही असतो, तो अगदी कमी असला तरी शून्य नाही.

तरीही काही गोष्टी फक्त तीच करते. डोळ्यांनी पाहते आणि तुकडा काढून देते. निदान पक्कं करताना तिला पर्याय नाही, आणि आपल्या देशात तर नाहीच, कारण क्रोन आणि आतड्याचा क्षयरोग दिसायला सख्खे भाऊ. तुकड्यावर क्षयाच्या चाचण्या केल्याशिवाय औषध सुरू करणं म्हणजे आगीशी खेळ. महागडं जैविक औषध सुरू करण्याआधी, चालू औषधाने काम होत नसताना, किंवा आकडा चढलाय पण कारण सापडत नाही तेव्हा मी दुर्बिणीला नाही म्हणणार नाही. आणि कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच वरपर्यंत पसरलेला असेल तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी कॅन्सरपूर्व बदल शोधण्यासाठी ती लागतेच. त्यासाठी डबी चालत नाही. माझी ती मागच्याच वर्षी झाली.

खर्चाचं म्हणाल तर लॅब आणि हॉस्पिटलप्रमाणे दर बदलतात, पण खासगीत दुर्बिणीच्या एका बिलात डबीच्या तीन-चार तपासण्या सहज बसतात. बहुतेक पॉलिसी भरती न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत, हे आधी विचारून घ्या. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत दुर्बीण स्वस्तात होते, रांग मोठी असते.

एखाद्या औषधाच्या अभ्यासात सहभागी व्हायला विचारलं गेलं तर हे गणित उलटं होतं: दुर्बिणी ठरल्या वेळापत्रकाने होतात, तुम्हाला बरं वाटत असो वा नसो, आणि त्या तपासण्यांचा खर्च सहसा अभ्यास करणारे उचलतात. सही करण्याआधी तो अभ्यास अशा अभ्यासांच्या भारतातल्या सीटीआरआय नोंदवहीत आहे का ते पाहा. 2009 पासून नोंद सक्तीची आहे. किती दुर्बिणी होणार, हेही विचारा. फॉर्मच्या मधल्या कुठल्यातरी पानावर तो आकडा असतो.

मुलाला मी एवढंच म्हणालो की आत्ता पोट ठीक आहे, तर आधी डबी दे. आकडा 150 च्या आत आला तर सहा महिन्यांनी परत. वर आला तर संसर्ग आणि वेदनाशामक गोळ्या यांचा हिशोब लाव, मग डॉक्टर म्हणतील त्या तारखेला मुकाट्याने दुर्बीण. त्याने फोन काढला, लॅबचा नंबर लावला आणि माझ्यासमोरच खणखणीत आवाजात विचारलं, "शौचाचा नमुना घरून न्यायला कुणी येतं का हो?"

येतं. रविवारी सोडून.