सेंट लुशियात एकच दिवस: रस्त्याने जायचं, बोटीने की बंदराजवळच थांबायचं?

तुमच्या कॅरिबियन क्रूझच्या वेळापत्रकात सेंट लुशिया असेल तर टूर बुक करण्याआधी नकाशा एकदा नीट बघा. जहाज लागतं कॅस्ट्रीजला, म्हणजे बेटाच्या वायव्येला. आणि ‘पिटन’ नावाच्या ज्या दोन सुळक्यांचे फोटो बघून आपण हे बेट निवडतो ते आहेत नैऋत्येला, सूफ्रिएर गावाजवळ. अख्खं बेट जेमतेम ६१७ चौरस किलोमीटरचं, लांबी ४३ किलोमीटरच्या आसपास. पण मधे डोंगर आहेत, त्यामुळे कॅस्ट्रीजहून सूफ्रिएरला पोचायला गाडीने दीड तास सहज लागतो. जहाज साधारण सकाळी आठला लागतं आणि दुपारी चार-पाचला परत बोलावतं. हातात राहतात सात-आठ तास, त्यातले तीन येण्याजाण्यात. काय बघायचं याची यादी सगळ्याच कंपन्यांची जवळपास सारखी असते. तुमचा दिवस कसा जाणार हे ठरतं ते तुम्ही तिथे कशाने जाता यावर.

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत आई-बाबा भारतातून आले की क्रूझ ठरते. एकाच गटात सत्तरीचे बाबा, गुडघे दुखणारी आई, पाण्यात उतरायला अधीर झालेली मुलं आणि शाकाहारी कोणीतरी, असा संच असतो. मी हे मुख्यतः अशा गटासाठी लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सूफ्रिएर गाठावंच. जाताना रस्ता आणि येताना समुद्र अशी जोड-टूर मिळाली तर ती घ्यावी. गटात चढ-उताराचा त्रास असणारं कोणी असेल तर दोन्ही वेळा रस्ता. बंदराजवळची टूर दुसऱ्या खेपेसाठी ठेवावी.

रस्त्याने

दहा-बारा जणांची मिनीबस, चालक हाच मार्गदर्शक. गाडी निघाली की पहिली चढण मॉर्न फॉर्च्यूनची. वरून कॅस्ट्रीजचं बंदर आणि त्यात उभं असलेलं आपलं जहाज दिसतं. इथेच बेटाच्या इतिहासाची सुरुवात होते: फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात हे बेट चौदा वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि १८१४ मध्ये कायमचं इंग्रजांकडे आलं. स्वातंत्र्य मिळालं २२ फेब्रुवारी १९७९ ला. म्हणून सरकारी भाषा इंग्रजी, गावांची नावं फ्रेंच, आणि चालक वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाशी बोलतो ती क्वेयोल, फ्रेंचमधून घडलेली. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते.

पुढे केळीच्या बागा लागतात. घडांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या असतात, कीड लागू नये आणि पानं घासून साल डागाळू नये म्हणून. एके काळी बेटाचा संसार या केळ्यांवर चालायचा. ब्रिटनच्या बाजारात त्यांना सवलत होती. नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, सवलती गेल्या आणि छोट्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. आज पर्यटन हाच मोठा आधार आहे. हे चालकाकडून ऐकताना आपण भरलेल्या पैशांचा अर्थ कळतो. म्हणूनच मी रस्त्याच्या टूरला झुकतं माप देते: बोटीवर देखावा मिळतो, माणसं मिळतात ती रस्त्यावर.

मारिगोच्या खाडीवर फोटोसाठी थांबा, मग आन्स ला रे हे कोळ्यांचं गाव, मग कॅनरीज. कॅनरीजजवळ कसावाचा ब्रेड मिळतो, तो चुकवू नका. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कंद किसायचा, रस पिळून काढायचा, चोथा भाजून पीठ करायचं आणि त्याची जाडसर भाकर थापून भाजायची. नारळ घातलेली गरम भाकर पानावर हातात येते. बाहेरून खरपूस, आतून चिवट-ओलसर. खारवलेल्या माशाचीही असते, तेव्हा शाकाहारींनी विचारून घ्यावी.

रस्ता मात्र सोपा नाही. वरंध घाटासारखी वळणं, तीही तासभर. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी आणि पुढची सीट मागून घ्यावी.

सूफ्रिएरच्या आधी एका वळणावर खाली गाव, निळी खाडी आणि पाठीमागे पेती पिटन एकदम समोर येतो. पेती पिटन ७४३ मीटर, ग्रो पिटन ७७० मीटर. ‘पेती’ म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा, पण उंचीत फरक थोडाच. २००४ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. दोन्ही सुळके ज्वालामुखीचे, आणि तो ज्वालामुखी पुरता निवलेला नाही हे पुढच्या थांब्यावर कळतं.

तो थांबा म्हणजे सल्फर स्प्रिंग्ज. गाडी जवळजवळ विवराच्या तोंडाशी नेतात. राखाडी उघडी जमीन, खदखदणारं काळं पाणी, वाफ आणि सडक्या अंड्यांचा वास. पूर्वी पर्यटकांना अगदी डबक्यांच्या कडेपर्यंत सोडत. आता कठड्याच्या आतूनच बघायचं. खाली ओढ्याच्या गरम पाण्यात चिखलस्नान करता येतं. आधी पाण्यात बसायचं, मग बादलीतला राखाडी चिखल अंगभर चोळायचा, उन्हात वाळू द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांत कातडी ओढल्यासारखी होते, मग पुन्हा पाण्यात उतरून धुऊन काढायचा. त्वचा खरंच मऊ लागते. दोन गोष्टी पाळा. पांढरा किंवा आवडता पोहण्याचा पोशाख घालू नका, डाग जात नाहीत. आणि चांदी काढून ठेवा: पैंजण, जोडवी, साखळी, सगळं गंधकाने काळं पडतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी गरम पाण्यात बसायच्या फंदात पडू नये, काठावरून बघावं.

चिखलस्नान घ्यायचं की डायमंड बाग बघायची, असा पेच वेळेअभावी बऱ्याच टूरमध्ये येतो. आई-बाबा बरोबर असतील तर बाग घ्या. सपाट पायवाट, भरपूर सावली, शेवटी खनिजांमुळे पिवळ्या-हिरव्या-काळ्या छटा चढलेला छोटा धबधबा. तिथली स्नानगृहं सोळाव्या लुईच्या हुकमाने १७८४ मध्ये फ्रेंच सैनिकांसाठी बांधली गेली. तरुण मंडळी असतील तर बागेऐवजी तेत पॉलची पायवाट मागा. पाऊणएक तासाची चाल, थोड्या पायऱ्या, पण दोन्ही पिटन एकाच वेळी डावी-उजवीकडे दिसतात, आणि वाट दाखवायला त्याच वस्तीतले लोक असतात. ग्रो पिटनवर चढायचा विचार क्रूझच्या दिवशी करू नका. चढून उतरायला चारेक तास जातात, शिवाय येण्याजाण्याचे तीन.

बोटीने

कॅटामरान, म्हणजे दोन तळांची रुंद बोट, किनाऱ्याकडेने दक्षिणेला जाते आणि पिटन समुद्रातून सरळ वर उठलेले दिसतात. हा देखावा रस्त्यावरून मिळत नाही, हे मान्य करायलाच हवं. गाडीतून सुळके तुकड्यातुकड्यांत दिसतात. पाण्यावरून पायथ्यापासून शेंड्यापर्यंत. वाटेत एखाद्या खाडीत पोहायला थांबतात, मुलांचा दिवस तिथेच सार्थकी लागतो. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने समुद्र अटलांटिकच्या बाजूइतका उसळत नाही.

उणं हे की सूफ्रिएरला उतरल्यावर जमिनीवरचा वेळ आखडतो. गाडीत बसवून एक धबधबा, सल्फर स्प्रिंग्जची धावती भेट आणि परत बोटीवर. बोटीवर संगीत मोठं आणि रम पंच मुबलक, त्यामुळे बेटाबद्दल काही ऐकायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. वेगवान छोट्या बोटीच्या टूरही असतात. पाऊण-एक तासात पोचवतात, पण लाटांवर आपटत जातात. पाठीचा, मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या टाळाव्यात. अशा बोटीत बहुधा शौचालय नसतं, हेही आई-बाबांसाठी महत्त्वाचं.

जोड-टूर मला पसंत आहे ती यामुळे: सकाळी ताज्या डोक्याने रस्ता, गोष्टी, गावं; दुपारी जेवण झाल्यावर घाटाऐवजी गार वारा आणि परतीला पाण्यावरून पिटन. मात्र बुक करताना विचारा, बोटीत चढायला धक्का आहे की शिडी. किनाऱ्यावरून शिडीने चढायचं असेल तर आईच्या गुडघ्यांचा विचार तेव्हाच करा.

बंदराजवळ, उत्तरेला

कॅस्ट्रीज शहर, बाजार आणि पिजन आयलंड, तीन-चार तासांत आटोपतं. १९४८ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, म्हणून जुन्या इमारती फार नाहीत. कॅथीड्रलसमोरच्या चौकाला कवी डेरेक वॉलकॉट यांचं नाव आहे, १९९२ चं साहित्याचं नोबेल त्यांचं. त्याआधी १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल इथल्याच आर्थर लुईस यांना मिळालं होतं. दोघांचाही जन्म २३ जानेवारीचा. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल मिळवली याचं मला फार अप्रूप आहे, आणि कॅस्ट्रीजमध्ये ते बोलून दाखवलं की लोक मोकळेपणाने बोलायला लागतात.

पिजन आयलंड आता खरं तर बेट राहिलेलं नाही, १९७० च्या दशकात भराव घालून ते जोडलं गेलं. वर इंग्रज नौसेनापती रॉडनीच्या काळचा किल्ला आहे. १७८२ मध्ये फ्रेंचांशी झालेल्या लढाईआधी तो इथून शेजारच्या मार्टिनिक बेटावरच्या फ्रेंच ताफ्यावर नजर ठेवत असे. आकाश स्वच्छ असेल तर मार्टिनिक आजही दिसतं. पंधरा-वीस मिनिटांची चढण, खाली शांत पाण्याचा किनारा. तान्हं मूल बरोबर असेल किंवा जहाज दुपारीच निघणार असेल, तर हाच पर्याय बरा.

जहाजाची टूर की स्थानिक?

जहाजाकडून घेतलेली टूर महाग पडते आणि गट मोठा असतो. पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः ठरवलेल्या टूरसाठी थांबत नाही. सूफ्रिएरचा रस्ता एकच, त्यावर झाड पडलं किंवा दुरुस्ती निघाली तर दुसरी जवळची वाट नाही. तरीही चार ते आठ जणांचं कुटुंब असेल तर मी स्थानिक चालकच घेईन. टॅक्सीचा दर सहसा गाडीमागे किंवा ठरावीक प्रवाशांमागे असतो, त्यामुळे चौघांत वाटला की स्वस्त पडतो. थांबे आपल्या हातात राहतात. आणि पैसे थेट बेटावरच्या माणसाला जातात. दोघंच असाल तर जहाजाची किंवा आधी बुक केलेली छोट्या गटाची टूर परवडते.

टॅक्सीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला ‘टीएक्स’ असतं, ते बघून बसा. दर ठरवताना अमेरिकन डॉलर की इथलं चलन, पूर्व कॅरिबियन डॉलर, हे स्पष्ट विचारा. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे, म्हणजे गैरसमज झाला तर जवळजवळ तिप्पट. दरात प्रवेशशुल्क आणि जेवण धरलंय का, हेही तेव्हाच. सगळे पैसे टूर संपवून बंदरात परतल्यावरच द्यायचे.

घड्याळाचं भान सगळ्यात जास्त लागतं. सेंट लुशिया घड्याळ पुढे-मागे करत नाही. हिवाळ्यात ते मायामीच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखीच वेळ. जहाज कोणती वेळ पाळतंय ते उतरताना दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा आणि चालकालाही तीच सांगा. परतीच्या वेळेआधी किमान तासभर बंदरात यायचं असं ठरवून निघा.

जेवण आणि कपडे

टूरमधलं जेवण म्हणजे भात, मसूर किंवा राजम्यासारख्या शेंगा, तळलेली रताळी-केळी, मासे, कोंबडी. ‘ग्रीन फिग’ असं लिहिलेलं दिसलं तर ती उकडलेली कच्ची केळी. खारवलेल्या माशाबरोबर हे इथलं राष्ट्रीय खाणं. कोकणातल्यांना नीरफणस ओळखीचा वाटेल, इथे तो भाजून किंवा उकडून देतात. डाळ किंवा शेंगांत खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, म्हणून शाकाहारींनी ‘व्हेजिटेरियन’ एवढंच न म्हणता मांस-मासे काहीच नको असं सांगावं, किंवा ‘इटल’ जेवण कुठे मिळेल ते विचारावं. ते रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या लोकांचं बिनमांसाचं, बहुधा बिनमिठाचंही जेवण. आत सारण गुंडाळलेली रोटीही मिळते. ६ मे १८५९ ला ‘पाल्मायरा’ जहाजाने भारतातले पहिले गिरमिटिया मजूर इथे उतरले, त्यांच्या वंशजांनी ती टिकवली. आतली भाजी बटाटा-चण्याची मागून घ्या.

मुलांच्या कपड्यांवर लष्करी ठिपक्यांची नक्षी असेल तर ते जहाजावरच ठेवा. या बेटावर सामान्य माणसांनी, पर्यटकांनीही, तसे कपडे घालणं बेकायदा आहे आणि लहान मुलांनाही त्यातून सूट नाही.