तंबाखू सोडायचीय: गम, पॅच की गोळी? निपाणी-चिकोडीकडच्या माणसासाठी तुलना

निपाणीच्या बाजूला तंबाखू दर वेळी विकत घ्यावी लागतेच असं नाही. कुणाची शेतातली असते, कुणाला वखारीतून मिळते, आणि नसलीच तर पारावर कुणी ना कुणी डबी पुढे करतोच. त्यामुळे "तंबाखूवर घालवता ते पैसे औषधावर घाला" हा हिशोब आपल्याकडे बसत नाही. व्यसन जवळजवळ फुकट आणि सुटका मात्र मेडिकलमधून विकत, असा उलटा मामला आहे. म्हणून ही तुलना किमतीवरून न करता दोन प्रश्नांवरून करतो: तंबाखूचा दिवसाचा पहिला बार उठल्यावर किती वेळात लागतो, आणि तोंड पूर्ण उघडतं का?

आधी एक शंका बाजूला काढू. "तंबाखूतलं निकोटिन सोडायचं आणि औषध म्हणून परत निकोटिनच घ्यायचं?" हो. तलफ निकोटिनची असते. कॅन्सरला मुख्यतः कारणीभूत असतात ती तंबाखूतली नायट्रोसामाइनसारखी रसायनं आणि विडीच्या धुरातलं बाकीचं विष. गम (गालात धरायचं निकोटिनचं च्युइंगम) आणि पॅच (कातडीवरची पट्टी) यांत निकोटिन तेवढं ठेवून हे बाकीचं काढून टाकलेलं असतं. भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत निकोटिनचे हे उपचार आले, ते उगाच नाही.

गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतो. २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर ४ चा, नाहीतर २ चा, असा साधारण नियम आहे. पहिले सहा आठवडे तलफेची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी एक घ्यायचा, मग हळूहळू अंतर वाढवत तीन महिन्यांत बंद करायचा.

"गम खाऊन बघितला, काही उपयोग नाही" असं सांगणारे बहुतेक जण तो च्युइंगमसारखा चावत सुटलेले असतात. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, छातीत जळजळतं आणि तलफ जागच्या जागी राहते. तो सावकाश चावायचा, तोंडात चुरचुरलं की थांबायचं आणि गालात ठेवून द्यायचा. चव उतरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात. असा अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्याला हे शिकवावं लागू नये. बार गालात धरायची सवय असतेच. चुना लावून का मळतात, त्यातही हेच आहे. चुन्यानं तोंडातली आम्लता कमी होते आणि निकोटिन गालातून भराभर शोषलं जातं. गममध्येही तशीच सोय केलेली असते. म्हणून त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, ताक, लिंबूसोडा यातलं काही नको. आपल्याकडे चहा झाला की लगेच बार भरायची रीत आहे. तीच सवय गमला लावली तर गम वाया.

आता तोंडाचं. मावा किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड सुपारीनं आखडत जातं. जबड्यात दोन-तीन बोटंही जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर गमचा विचार सोडा आणि आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर समोर घोटून मिळतो, त्याला कोण अडवणार? तोंड उघडत नसलं, कवळी असली किंवा दाढाच नसल्या, तर पॅच बरा.

पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी. २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम अशा उतरत्या क्रमानं, दोन-तीन महिने. रोज सकाळी कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायची आणि रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायची. कातडीतून निकोटिन अंगात कसं जाणार, असं ज्याला वाटतं त्यानं तंबाखूच्या ओल्या पानांत दिवसभर राबणाऱ्या बाईमाणसांना विचारावं. मळमळ, चक्कर, उलटी हे सगळं पानातलं निकोटिन कातडीतून गेल्यानंच होतं. त्यामुळे ज्यांचं काम ओल्या पानात आहे त्यांनी तोडणीच्या दिवसांत पॅच सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पॅचचा दोष म्हणजे तो संथ आहे. विडीच्या झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, पॅचला काही तास लागतात. दिवसभराची कुरकुर तो भागवतो, पण जेवणानंतर अचानक उसळणारी तलफ त्याला आवरत नाही. म्हणून पॅच की गम असा प्रश्न विचारणाऱ्याला माझं उत्तर "दोन्ही" असं असतं. पॅच कायम आणि उसळी आली की गम. धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासांत ही जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा सरस ठरली आहे. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर मात्र आपल्या मनानं दोन्हीही नको.

आता गोळ्या. दोन प्रकार आहेत, दोन्ही चिठ्ठीवर. बुप्रोपिऑन सोडण्याच्या दिवसाआधी एक-दोन आठवडे सुरू करावी लागते. झोप कमी होते, तोंड कोरडं पडतं. फिट येत असेल त्याला ती चालत नाही. दारू आणि तंबाखू एकाच दिवशी सोडतो अशी शपथ घेणाऱ्यानं दारूचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, कारण रोजची दारू एकदम तोडली आणि वर ही गोळी घेतली तर फिटचा धोका वाढतो.

दुसरी व्हॅरेनिक्लीन. मेंदूत निकोटिन जिथे बसतं ती जागा ही गोळी अर्धवट अडवते. त्यामुळे तलफ कमी होते आणि मध्येच बार भरला तरी मजा येत नाही. सात दिवस डोस चढवत नेतात, मग १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एकूण बारा आठवडे. मळमळ हा मोठा त्रास. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेतली की बरीच सुसह्य होते. किडनीचा आजार असेल तर डोस बदलतो. २०१६ साली आठ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नवव्या ते बाराव्या आठवड्यात एकदाही न ओढलेले लोक शंभरात साधारण असे होते: व्हॅरेनिक्लीनवर ३३, पॅचवर २३, बुप्रोपिऑनवर २३, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर १२. मनावर वाईट परिणाम होतात ही व्हॅरेनिक्लीनबद्दलची जुनी भीतीही त्यात खरी ठरली नाही.

हे आकडे ओढणाऱ्यांचे आहेत, मळून खाणाऱ्यांचे नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २१.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे आणि १०.७ टक्के ओढणारे निघाले, तरी औषधांचं बहुतेक संशोधन ओढणाऱ्यांवरच आहे. खाणाऱ्यांवर जे थोडे अभ्यास झाले त्यांत व्हॅरेनिक्लीन आणि चघळायची निकोटिनची गोळी, म्हणजे लॉझेंज, यांचा फायदा दिसला. गम आणि पॅचचा तितका ठळक दिसला नाही. म्हणून विडीवाल्यानं पॅच-गमच्या जोडीपासून सुरुवात करावी, आणि आधी एक-दोनदा सोडून परत लागलेल्या खाणाऱ्यानं थेट डॉक्टरांकडे जाऊन व्हॅरेनिक्लीनचं विचारावं, असं माझं मत आहे.

मशेरी लावणाऱ्या बायकांचा विचार यात फार कमी होतो, कारण "दात घासते, खात नाही" म्हणून ती कुणी व्यसनात धरत नाही. गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या देत नाहीत. तिथे आधी समुपदेशन, आणि निकोटिन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण मशेरी सोडायलाच हवी. मुंबईत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तंबाखूमुळे बाळाचं वजन सरासरी शंभर ग्रॅमच्या आसपास कमी भरलं होतं. ई-सिगारेटचा पर्याय कुणी सुचवला तर २०१९ पासून देशात त्यावर बंदी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

यातलं काहीही घेतलं तरी पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड जातात. चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. या काळात कुणाशी तरी बोलणं औषधाइतकंच कामाचं. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर फुकट आहे. बंगळूरचं निम्हान्स आणि मुंबईचं टाटा मेमोरियल ही दोन्ही त्याची केंद्रं आहेत. कन्नड जमत नसेल तर सुरुवातीलाच "मराठीत बोलायचंय" म्हणून सांगा. समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा डेंटल कॉलेजात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगरच्यासुद्धा, बरोबर घेऊन जा.