टायमर पॅनेलवर की पीएलसीत?

बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेल वायरिंग करणाऱ्या भाच्याचा काल फोन आला: "मामा, पीएलसी आहे, मग वेगळा टायमर रिले कशाला?"

पीएलसी म्हणजे मशीन प्रोग्रामनं चालवणारा छोटा संगणक, टायमर रिले म्हणजे ठरल्या वेळानं स्विच चालू-बंद करणारी डबी. खर्चाचं सोपं आहे. पीएलसी बसलेलाच असेल तर आतला टायमर फुकट. नुसत्या एका स्टार-डेल्टासाठी (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टावर नेणं) पीएलसी घेणं म्हणजे उसाच्या कांडीसाठी गुऱ्हाळ घालणं.

वेळ बदलायची तर रिलेची चकती स्क्रूड्रायव्हरनं फिरते. रात्रपाळीवालाही फिरवतो, तोच ताप! आमच्याकडे कूलंट पंपाचे 10 सेकंद कुणीतरी 30 केले, दोन दिवस पत्ता नाही. पीएलसीत असं होत नाही, पण बदलाला बहुधा लॅपटॉप लागतो.

चुका मात्र पीएलसीतच जास्त. टॉन (TON, उशिरानं चालू करणारा टायमर) इनपुट आल्यावर मोजतो, इनपुट गेला की शून्य. पुशबटणाला थेट जोडलास तर बोट उचलताच मोजणी संपली. आधी होल्डिंग घे, म्हणजे बटण सोडलं तरी सिग्नल टिकेल. मोटर थांबल्यावरही पंखा मिनिटभर फिरायचा असेल तर टॉफ (TOF, उशिरानं बंद करणारा).

एक-दोन टायमर, पीएलसी नाही: रिले लाव. क्रमानं चालणारं मशीन: पीएलसी. स्टार आणि डेल्टा काँटॅक्टरचं (मोटरची वीज जोडणारे मोठे स्विच) इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम लागू न देणारी अडवणूक, मात्र दोन्हीकडे वायरनंच कर, प्रोग्रामवर सोडू नकोस.