‘आजीवन’ परवान्याची १८० दिवसांची मुदत

पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेल्या दोन फिकट ओळींपायी माझे ४५,९९८ रुपये गेले, हे लिहितानाही लाज वाटते. जुलैच्या पावसात आमच्या मुलुंडच्या घरातील संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, जळाला. तो लॅमिंग्टन रोडवरून बदलून आणल्यावर विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवाना खरा असल्याची खातरजमा, मागू लागले; त्याच त्या दोन ओळी. नातीच्या प्रवेश अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, म्हणून मी घाईने इंटरनेटवर मदत क्रमांक शोधला आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. ती जाहिरात होती. ॲक्टिव्हेशन नसले तरी अर्ज बिनदिक्कत भरता आला असता, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पलीकडच्या माणसाने संगणकाचा ताबा मागितला, मी दिला. इव्हेंट व्ह्यूअरमधील, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीतील, लाल खुणा दाखवून, ज्या धडधाकट संगणकातही असतातच, त्याने ‘आजीवन’ परवान्याचे १,४९९ आणि संरक्षणाचे ५,९९९ रुपये यूपीआयने घेतले. नंतर काळ्या खिडकीत आज्ञा भराभर टाईप केल्या आणि शेवटी एक चौकट उघडली. तीत ॲक्टिव्हेशन संपण्याची तारीख होती, बरोबर १८० दिवसांनंतरची. विमा कार्यालयात एकतीस वर्षे ज्याने पॉलिसींच्या मुदती तपासल्या, त्या मी ती तारीख वाचली, मोठ्याने वाचली, आणि ‘ती आपोआप वाढते, सर’ एवढ्या उत्तरावर गप्प बसलो! कायमच्या परवान्याला अशी तारीख नसते. कार्यालयांसाठीच्या, मुदतीने नूतनीकरण लागणाऱ्या सामुदायिक परवान्याचा सांकेतिक क्रमांक टाकून त्याने माझा संगणक कुठल्याशा अनोळखी सर्व्हरला जोडून दिला होता.

दोन दिवसांनी ‘दुबार कापलेली रक्कम परत करतो’ असा फोन आला. नेट बँकिंग, पुन्हा संगणकाचा ताबा, ओटीपी. बाकीचे वाचकांना ठाऊक आहे. ३८,५०० रुपये गेले. मी अडाणी नाही, अशा बातम्या रोज वाचतो. परंतु आधीचे काम ‘झालेले’ दिसत असल्याने त्या आवाजावर विश्वास बसला होता.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तो क्रमांक पैसे गेल्या क्षणी लावावा; मी आधी बँकेच्या मदत केंद्रावर बावीस मिनिटे संगीत ऐकत बसलो. शाखेने पोलिसांचा कागद मागितला, पोलीस ठाण्याने बँकेचा उतारा मागितला, उतारा नेला तर त्यावर शिक्का नव्हता, आणि शिक्का घेऊन गेलो तेव्हा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते. ‘आजोबा, ओटीपी दिलातच कशाला?’ हा प्रश्न मला तीन टेबलांवर विचारला गेला. पैसे ज्या खात्यात गेले ते कोणाचे, हा प्रश्न एकाही टेबलावर कोणाला पडला नाही. चार खेपांनंतर बँकेचे लेखी उत्तर आले: निष्काळजीपणा ग्राहकाचा.

खऱ्या त्रुटीसंदेशात मायक्रोसॉफ्ट कधीही फोन क्रमांक देत नाही. मदरबोर्ड बदलण्यापूर्वीच परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा, म्हणजे सेटिंग्जमधील ट्रबलशूटर या अडचण सोडवणाऱ्या सोयीत ‘हार्डवेअर नुकतेच बदलले’ असे सांगून तो परत मिळवता येतो. संगणकासोबत आलेला परवाना मात्र बहुधा नव्या मदरबोर्डवर चालत नाही. माझा वेगळा विकत घेतलेला होता. २०१९ च्या पावतीसह त्याचा डबा कपाटात वरच्या फळीवर सापडला, आणि संगणक पुसून विंडोज नव्याने टाकल्यावर त्यातील परवान्याची पंचवीस अक्षरे भरायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत.